फोंड्याच्या मसाला बागांची टूर – जावं का? आणि 'ऑरगॅनिक' खरं किती?

पुणेकर_सून
मंडळी, डिसेंबरच्या शेवटी गोव्याला जातोय, सोबत सासू-सासरे आणि आमचे सात वर्षांचे चिरंजीव. बीच एक दिवस बास असं सासऱ्यांनी आधीच जाहीर करून टाकलंय, मंगेशी आणि शांतादुर्गा होणारच आहे, तर त्याच बाजूला मसाल्याच्या बागा आहेत तिथे अर्धा दिवस काढावा असं चाललंय. मैत्रीण म्हणते गाईड फिरवतो, झाडावरचं काय काय चाखायला देतो, वर जेवण, मस्त असतं. ऑफिसमधला एकजण म्हणतो सगळा धंदा झालाय, पैसे वाया. आणि बोर्डावर तर ऑरगॅनिक, सस्टेनेबल सगळेच लिहितात, खरं कोण ते ओळखायचं कसं? सासरे सांगोल्याचे, डाळिंबवाले, त्यांना थाप लगेच कळते आणि मग पुण्यापर्यंत तेच ऐकावं लागतं 😅 डिसेंबरात झाडावर असतं का काही? मुलाला तिखट अजिबात चालत नाही.

अंत्रुजकार
मी फोंडा तालुक्यातलाच, घरचं छोटं कुळागर आहे (टूरबिर नाही, घाबरू नका जाहिरात करत नाहीये). कुळागर म्हणजे डोंगराच्या पायथ्याला, वर झर असते तिथलं पाणी पाटाने खाली फिरवलेलं, सगळ्यात उंच माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर मिरीचा वेल चढवलेला, सावलीत जायफळ, मग केळी, अननस, आणि जमिनीलगत हळद-आलं. ही पद्धत पर्यटक यायच्या कितीतरी आधीची आहे, बोर्ड नंतर लागले. पैशाचं पीक सुपारी आणि नारळ, मसाला वरकड. केरी, सावय वेरे, कुर्टी, खांडेपार या भागात टूर देणाऱ्या बागा आहेत, काही खूप मोठ्या काही घरगुती.

डिसेंबरात मिरीचे हिरवे घोस वेलावर असतात, सुपारी पिकून केशरी झालेली असते, जायफळाचा मुख्य बहर पावसाळ्यात पण एखाददुसरं उकललेलं फळ सापडतंच. केळी सालदाटी किंवा रसबाळी मागून खा. काजू, भिरंड (तुमचं कोकम), मानकुराद आंबा, फणस यातलं तेव्हा काहीच नाही, त्याला एप्रिल-मे. खरं चाखायचं तर तेव्हाच यावं, उन्हाने जीव जातो ते वेगळं.

आणि सकाळी नऊ-साडेनऊला पोचा. अकरानंतर बीचकडच्या हॉटेलांच्या बसगाड्या लागतात, मग एका गाईडमागे चाळीस माणसं आणि मागच्याला फक्त पुढच्याची टोपी दिसते.

ठाण्याचा_बाबा
तुमचा ऑफिसवाला अगदीच चूक नाही हो. आम्ही गेलो त्या बागेत (नाव घेत नाही) गळ्यात हार, गवती चहा, मग गाईडने पाठ केलेले जोक, जायफळापाशी आल्यावर नवराबायकोंचा तो ठरलेला जोक आलाच, सासूबाई शेजारी उभ्या. वेलदोड्याचं एक झाड, लवंगेचं एक झाड, व्हॅनिलाचा एक वेल, हे म्हणजे बाग की शाळेचं प्रदर्शन? शेवटी पळीने मानेवर गार पाणी ओततात ते पोरांना आवडलं. मग दुकान. गुडघ्याला तेल, केसांना तेल, वजनाला पावडर, आणि मसाल्याच्या पाकिटावर पॅकिंगची तारीखच नाही. जेवण मात्र खरंच चांगलं होतं, सोलकढी दोनदा मागून घेतली. तेवढ्यासाठी जा असं म्हणेन.

दापोली_बॅच
दोघांचं बरोबर आहे. मी दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलो, नारळ-सुपारीच्या बागेत जायफळ, मिरी, दालचिनी लावणं हे आमच्याकडे शिकवतात आणि ते पैशाच्या हिशेबातही बसतं. लवंग-व्हॅनिलाचं एकेकच झाड असेल तर ते दाखवण्यापुरतंच ठेवलेलं असतं हे खरं, पण म्हणून बाकीची बाग खोटी ठरत नाही.

सासऱ्यांना एक काम द्या. वर नाही, खाली बघायला सांगा. जमीन झाडून चकाचक असेल तर शंका घ्यायची, झावळ्या, केळीचे खुंट, पालापाचोळा तिथेच कुजत असेल तर चांगलं लक्षण. नवी पोफळीची रोपं जुन्यांच्या मध्ये लावलीत का बघा. आणि एक प्रश्न विचाराच, पावसाळ्यात सुपारीला कोळेरोग येतो (बुरशीसारख्या जंतूने फळं सडून गळतात), त्याला काय करता? कोकण-गोव्यात बहुतेक सगळे मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मारतात, आणि सेंद्रिय शेतीतही ते मर्यादेत चालतं. जो सरळ 'बोर्डो मारतो' म्हणेल त्याच्यावर माझा विश्वास बसेल. 'आम्ही काहीच मारत नाही, सगळं निसर्ग बघतो' असं हसत सांगणाऱ्याची बाग मी पावसाळ्यानंतर बघून येईन 😄

चाखण्याबद्दल, हिरवी मिरी दाताखाली धरलीत तर आधी फक्त रानटी वास येतो आणि तिखट मागाहून चढतं, मुलाला देऊ नका. काळी आणि पांढरी मिरी एकाच वेलाची, कच्चे घोस वाळवले की काळी, पिकलेले भिजवून साल काढली की पांढरी, हे मुलाला दाखवायला छान. दालचिनीचं पान चुरगळून वास घ्यायला द्या, जायफळाच्या बाहेरच्या गराचं लोणचं किंवा सरबत मिळालं तर सोडू नका, आपल्याकडे तो गर बरेचदा फेकूनच देतात आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. व्हॅनिला बघाल तेव्हा गाईडला विचारा फळ कसं धरतं, कारण वेल मूळचा मेक्सिकोचा, तिथल्या मधमाश्या इथे नाहीत, प्रत्येक फूल हाताने काडी लावून फळवावं लागतं आणि फूल टिकतं एकच दिवस. ही युक्ती 1841 मध्ये रेयुनियन बेटावरच्या एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. तुमच्या मुलाला हे ऐकून मजा वाटेल, जोकपेक्षा बरं.

पुणेकर_सून
बापरे केवढी माहिती, थँक्यू सगळ्यांना. कोळेरोगाचा प्रश्न सासऱ्यांना वाचून दाखवला, ते आत्तापासूनच गाईडची परीक्षा घ्यायच्या तयारीत आहेत, बिचारा. त्यांनी अजून एक विचारलंय (सासूबाईंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात), फेणी चाखायला देतात का आणि ती तिथेच काढतात का?

अंत्रुजकार
देतात हो, बारक्या कपातून, जेवणाच्या आधी किंवा नंतर. पण डिसेंबरात भट्टी चालू दिसणार नाही. काजूची बोंडं मार्च ते मेमध्ये, तेव्हा तुडवून रस काढतात, तो आंबवून पहिल्या धारेचा हुर्राक, तो पुन्हा उकळून फेणी. 2009 मध्ये गोव्याच्या काजू फेणीला जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव त्या भागातल्याच मालाला लावता येतं) मिळालाय. बाटलीतली वर्षभर मिळते, सासऱ्यांना सांगा वास आधी अंगावर येतो, लिंबू आणि सोड्यात घातली की निवळते. हुर्राक फक्त सीझनला, त्यासाठी परत यावं लागेल.

मुलासाठी एक, काजूची कच्ची बी कुठे हातात दिली तर सालीचा चीक अंगाला लावू नका, कातडी भाजते. डिसेंबरात ती दिसणार नाही म्हणा, पण वाळत घातलेल्या असतात कधीकधी. बूट घाला, चपला नको, पाटाकडेची वाट ओली असते, आणि डास असतात. दुकानात अख्खं जायफळ कवचासकट घ्या, पूड नको. आणि पोफळीवर चढणारा माणूस या झाडावरून झोका घेऊन त्या झाडावर जातो ते दाखवतात, खाली उतरायचे कष्ट वाचावेत म्हणून ते तसं करतात, टाळ्यांसाठी नाही, तेव्हा त्याच्या हातावर थोडे पैसे ठेवा, तिकिटातले किती त्याला पोचतात देव जाणे.

ठाण्याचा_बाबा
सोलकढी विसरू नका.