स्प्लिट एसी बसवताना लिकेज तपासणी आणि व्हॅक्यूम : सल्ला हवा

घरी आर-32 गॅसचा नवा स्प्लिट एसी बसवायचा आहे. पंधरा मिनिटे व्हॅक्यूम पंप चालवून गेजची सुई शेवटच्या खुणेवर थांबली की लिकेज नाही हे सिद्ध होते, दाब देऊन तपासायला नायट्रोजनची वेगळी गरज नाही, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. हे पुरेसे आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

पुरेसे नाही. व्हॅक्यूममध्ये पाइपवर येणारा दाब फार तर 14.7 पीएसआय (दाबाचे एकक, पौंड प्रति चौरस इंच) असतो आणि तोही बाहेरून आत. उलट एसी बंद असतानाही 30 अंश सेल्सिअसला आर-32 चा दाब 265 पीएसआयच्या आसपास असतो आणि तो फ्लेअरचा (तांब्याच्या पाइपचे टोक पसरवून नटने आवळलेला) जोड आतून बाहेर ढकलत असतो. म्हणून आउटडोर युनिटचे वाल्व्ह बंद ठेवून कोरडा नायट्रोजन रेग्युलेटरमधूनच भरण्याचा आग्रह धरा. आधी 100-150 पीएसआयवर प्रत्येक नटला साबणाचे पाणी लावावे, मग उत्पादकाने सांगितलेल्या चाचणी दाबापर्यंत जावे. बारीक लिकेज असेल तर बुडबुडे लगेच दिसत नाहीत; मिनिटभराने नटच्या कडेला पांढरा फेस साचू लागतो, तेव्हा घाई करू देऊ नका. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन मात्र कदापि वापरू देऊ नका, कारण कॉम्प्रेसरच्या तेलाशी त्याचा संबंध आल्यास स्फोट होऊ शकतो.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. तासाभरात दाब थोडा उतरला, तर ते लिकेजच समजायचे का?

प्रतिसाद १

आधी तापमान पाहा. ते 3 अंशांनी उतरले की दाब सुमारे एक टक्का, म्हणजे 400 पीएसआयवर जवळपास 4 पीएसआय, आपोआप कमी होतो. तापमान तेच असूनही काटा खाली येत असेल, तर जोड उघडून फ्लेअर नव्याने करावा. नट आणखी आवळत राहिल्यास तांबे चिरते.

प्रतिसाद २

व्हॅक्यूमविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तो मुख्यतः ओलावा काढण्यासाठी असतो आणि कॉम्प्रेसरमधले तेल ओलावा फार लवकर शोषते. साध्या गेजवरचा एक इंच (पाऱ्याचा) म्हणजे 25,400 मायक्रॉन (व्हॅक्यूम मोजण्याचे बारीक एकक; आकडा जितका कमी तितका व्हॅक्यूम चांगला), तेव्हा 500 मायक्रॉनपर्यंत पोहोचलो की नाही हे त्या सुईवरून कळणे शक्यच नाही. त्यासाठी मायक्रॉन गेज हवा आणि तोही शक्यतो पंपापासून दूर, पाइपच्या बाजूला. 500 च्या खाली गेल्यावर पंप आणि पाइप यांच्या मधला वाल्व्ह आधी बंद करून मगच पंप थांबवावा, अन्यथा पंपाचे तेल उलटे खेचले जाण्याची भीती असते. त्यानंतर दहा मिनिटे आकडा पाहत राहा : चढून एका पातळीवर स्थिरावला तर आत ओलावा उरला आहे, चढतच राहिला तर कुठेतरी लिकेज आहे. ओलावा असल्यास थोडा कोरडा नायट्रोजन सोडून पुन्हा व्हॅक्यूम करावा.

गॅस सोडून पाइपमधली हवा हुसकावण्याचा जुना प्रकार आर-32 बाबत अजिबात मान्य करू नका. हा गॅस सौम्य का होईना, ज्वलनशील आहे. आकडा टिकल्यावरच ॲलन कीने आउटडोरचे वाल्व्ह पूर्ण उघडावेत आणि त्यांच्या टोप्या घट्ट बसवून घ्याव्यात.