मदत हवी आहे : कॅम्पस मिनिस्ट्रीच्या गाला भोजनात देणगीचे आवाहन आणि पावत्या

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतील एका विद्यापीठात ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या कॅम्पस मिनिस्ट्रीच्या वार्षिक गाला भोजनाला (देणग्या जमवण्यासाठीच्या मेजवानीला) मी स्वयंसेवक म्हणून मदत करीत आहे. सभागृह, जेवण आणि सजावट इतरांनी सांभाळली आहे. कार्यक्रमाचा क्रम ठरवणे आणि देणग्यांची नोंद ठेवून पावत्या देणे ही दोन कामे माझ्याकडे आहेत. संस्था अमेरिकी करकायद्याच्या ५०१(सी)(३) या कलमाखाली करमुक्त असून तिला विद्यापीठाकडून पैसा मिळत नाही. कार्यकर्त्यांचे पगार आणि विद्यार्थ्यांची शिबिरे देणग्यांवरच चालत असल्यामुळे या संध्याकाळवर बरेच अवलंबून आहे.

पहिला प्रश्न आवाहनाचा. समितीच्या मते स्वागत, सायलेंट ऑक्शन (कागदावर बोली लिहून होणारा लिलाव), पाळकांची प्रार्थना, जेवण, गोड पदार्थ, विद्यार्थ्याची साक्ष (श्रद्धेच्या स्वतःच्या अनुभवाचे कथन) आणि सर्वांत शेवटी आवाहन असा क्रम असावा. मला हे पटत नाही, कारण गोड पदार्थ येताच लहान मुले घरी ठेवून आलेली मंडळी उठू लागतात आणि खरे बोलणे अर्ध्या रिकाम्या टेबलांसमोर होते. मुख्य जेवण संपत आले असताना, सर्व जण बसलेले असतानाच साक्ष आणि लगेच आवाहन व्हावे, आणि सायलेंट ऑक्शन त्याआधीच बंद व्हावे, असे माझे मत आहे. नाहीतर लोक एक डोळा बोलीवर ठेवूनच साक्ष ऐकतात.

याहून अवघड बाब आवाहनाच्या पद्धतीची आहे. निवेदकाने मोठ्या रकमेपासून सुरुवात करून खाली येत जावे आणि प्रत्येक रकमेला लोकांनी क्रमांकाचे पॅडल (हातात धरायची छोटी पाटी) उचलावे, ही गालातली रूढ पद्धत आहे आणि एकाला पाहून दुसरा हात वर करतो हेही खरे आहे. परंतु मत्तयाच्या सहाव्या अध्यायात गुप्तपणे दान करण्याची शिकवण आहे आणि तीच शिकवण आम्ही वर्षभर विद्यार्थ्यांना देतो. त्याच विद्यार्थ्यांच्या देखत कोण किती देतो याचे प्रदर्शन मांडणे मला खटकते. शिवाय शंभर डॉलरच्या फेरीपर्यंत हात खाली ठेवून बसलेल्या निवृत्त शिक्षिकेला काय वाटत असेल, याचा विचार निवेदक सहसा करीत नाहीत. टेबलावर बंद पाकिटे ठेवल्यास जमा होणारी रक्कम खरोखरच फार घटते का, हे अनुभवी लोकांकडून ऐकायचे आहे.

दुसरा प्रश्न पावत्यांचा. नियम मी वाचले आहेत. समजा तिकीट १५० डॉलरचे आहे आणि भोजनाचे बाजारमूल्य ६० डॉलर आहे, तर ९० डॉलरच करात वजावट मिळणारी देणगी ठरते. ७५ डॉलरपेक्षा अधिक रक्कम घेऊन बदल्यात काही दिले, तर त्या वस्तूचे किंवा सेवेचे अंदाजे मूल्य संस्थेने लेखी कळवावे लागते, आणि ही मर्यादा भरलेल्या पूर्ण रकमेला लागते, वजावटीच्या भागाला नव्हे. समितीतील एका सदस्यांचे म्हणणे असे की केटररने जेवण विनामूल्य दिले असल्यामुळे काहीच वजा करण्याची गरज नाही. हे चुकीचे आहे, कारण संस्थेला किती खर्च आला हे न पाहता पाहुण्याला काय मिळाले हे पाहिले जाते. पण हे त्यांना न दुखावता कसे समजवावे, हा माझा खरा पेच आहे. तसेच हे मूल्य तिकिटावरच छापावे की नंतरच्या पावतीवर लिहावे?

साक्ष देणाऱ्या विद्यार्थिनीबद्दलही सल्ला हवा आहे. तिच्या आयुष्यातील एक अतिशय खासगी प्रसंग तिने सांगावा असा आग्रह होत आहे. ती तयार आहे, पण नकार देणे तिला कितपत शक्य आहे, याबद्दल मला शंका वाटते.

प्रतिसाद

आपण मांडलेला क्रम योग्य आहे. साक्ष आणि आवाहन यांच्यामध्ये वाढपसुद्धा होऊ देऊ नका. मूल्याचा मजकूर तिकिटावर आणि पावतीवर, दोन्हीकडे द्यावा. नियमानुसार एका ठिकाणी पुरतो, परंतु टेबल होस्ट (एकेक टेबल भरण्याची जबाबदारी घेणारे यजमान) आपल्या पाहुण्यांची तिकिटे स्वतःच घेतात, तेव्हा पाहुण्यांच्या हाती तिकीट पडतेच असे नाही. समितीतील सदस्यांना आपण स्वतः काही समजावू नका; संस्थेच्या हिशेबनिसाकडून दोन ओळींचे पत्र मागवून तेच बैठकीत वाचावे, म्हणजे वाद आपल्यात आणि त्यांच्यात राहत नाही.

पाकिटांमुळे काही रक्कम घटते, हे मी नाकारणार नाही. मात्र एखाद्या देणगीदाराने पाकिटांतून जमा होईल तेवढ्याच रकमेची भर आपण घालू असे आधीच कबूल केले, तर नाव न घेता ते जाहीर करता येते आणि बंद पाकिटांतही उत्साह टिकतो. डोनर ॲडव्हाइज्ड फंडातून (देणगीदाराने आधीच दान केलेले आणि त्याच्या सूचनेनुसार संस्थांना दिले जाणारे पैसे ठेवलेल्या निधीतून) कोणी तिकिटाचे पैसे देऊ पाहत असेल तर ते घेऊ नका. त्या फंडातून दिलेल्या पैशाच्या बदल्यात भोजनासारखा लाभ घेता येत नाही.

विद्यार्थिनीने काय सांगायचे ते तिनेच लिहावे, आणि ते समितीने नव्हे तर तिच्या विश्वासातील एखाद्या ताईने वाचावे. चित्रफीत संकेतस्थळावर टाकायची असेल तर त्याची परवानगी वेगळी घ्या. त्याहून चांगले म्हणजे शिक्षण पूर्ण करून बाहेर पडलेल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याला बोलवा, कारण त्याला कोणाच्या मर्जीची चिंता नसते.

धागाकर्ता

मनापासून आभार. हिशेबनिसाच्या पत्राची कल्पना मी उद्याच मांडतो आणि माजी विद्यार्थ्यांशीही बोलतो. एक शंका उरली आहे. काही जण पाकिटात धनादेश न ठेवता पुढील वर्षभर दरमहा देण्याचे वचन लिहून देतात. वजावट ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षी मिळते, म्हणून वचनाची पोच आणि पैशाची पावती मी वेगवेगळ्या नमुन्यांत ठेवणार आहे. पोचेवर एकूण रकमेचा आकडा छापला तर देणगीदार तीच पावती समजून करासाठी वापरतील, अशी भीती वाटते. आपण पोचेवर आकडा देता की नुसते आभार मानता?