चांद्रयानाच्या बातमीखाली तेच तेच विनोद: आता पुरे की चालू द्या?

कडू_कारलं (धागाकर्ता)

शिव्या पडणार हे माहीत असून लिहितोय. अवकाश मोहिमेची कुठलीही बातमी उघडा, खाली ठरलेला माल तयार असतो. खड्डे बघायला चंद्रावर कशाला जाता, आमच्या रोडवर या. मग चंद्रावरचे एनए प्लॉट, स्टेशनपासून 5 मिनिटांवर. मग तिथे आधीच चहाची टपरी टाकून बसलेला आपला माणूस. संपलं. बातमीत काय होतं ते कुणी वाचलेलं नसतं.

सप्टेंबर 2019 आठवा. 7 तारखेला पहाटे चांद्रयान-2 च्या विक्रम लँडरचा संपर्क तुटला, अर्धा देश जागा होता. दोन दिवसांत नागपूर पोलिसांचं ट्विट आलं, विक्रम बाबा उत्तर दे, सिग्नल तोडल्याबद्दल आम्ही तुझं चलान फाडणार नाही अशा अर्थाचं. देशभर फिरलं. मीपण हसलो, खोटं कशाला बोलू. पण आज कुणालाही विचारून बघा, ट्विट पाठ आहे. विक्रम का पडला ते विचारा, सगळे चिडीचूप. माझं म्हणणं एवढंच आहे की विनोद बातमी खातो आणि ढेकर देऊन मोकळा होतो.

संत्रानगरी

काहून एवढे तापले राजेहो? त्या ट्विटची वेळ तर पाहा न. 1 सप्टेंबरपासून देशात मोटार वाहन कायद्याचे नवे दंड लागले होते, जो तो हेल्मेट शोधत फिरत होता, पोलिसाला पाहून लोकं गल्ली बदलत होते. अन् इकडे विक्रम गेला म्हणून घरोघरी तोंडं पडलेली. त्यात पोलिसांनीच असं म्हटलं तर माणूस हसन नाही तं काय करन? तो विनोद इस्रोवर नव्हताच, पोलिसांनी स्वतःचीच उडवली होती. आमच्या गावचं आहे म्हणून नाही सांगत, पण तसं ट्विट करायला डोकं लागते भाऊ.

घर्षण_गुणांक

कारलेसाहेब, विक्रम का पडला हे कुणाला माहीत नाही म्हणता आणि एवढ्या मोठ्या धाग्यात तुम्हीही ते सांगितलेलं नाही :)

असो, मी सांगतो. 2023 मध्ये इस्रोचे अध्यक्ष असलेल्या सोमनाथ यांनी त्याच वर्षी हे जाहीरपणे सांगितलंय. लँडरला पाच इंजिनं होती, वेग कमी करताना त्यांनी अपेक्षेपेक्षा थोडा जास्त जोर दिला, त्यातून चुका साठत गेल्या आणि त्या लगेच दुरुस्त करता येईनात कारण त्या टप्प्यात कॅमेऱ्याने फोटो घ्यायला यान स्थिर ठेवायचं होतं, मग नंतर जेव्हा यानाला झपाट्याने वळायची वेळ आली तेव्हा वळण्याच्या वेगावर सॉफ्टवेअरने मर्यादा घातलेली, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे उतरायची जागा फक्त 500 मीटर बाय 500 मीटर, त्यामुळे जमिनीजवळ येऊनही ते तिथेच पोचायला धडपडत राहिलं आणि वेग वाढवत राहिलं. चांद्रयान-3 ला जागा 4 किमी बाय 2.4 किमी दिली, मधलं इंजिन काढून चार ठेवली, पाय मजबूत केले, इंधन जास्त भरलं. काय काय बिघडू शकतं ते आधी धरून डिझाइन केलं. 23 ऑगस्ट 2023 ला संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी उतरलं.

हे सगळं मी का शोधलं माहितेय? ते चलानवालं ट्विट वाचून. हसल्यावर डोक्यात आलं की अरे पण नक्की झालं काय होतं.

कडू_कारलं

माहितीबद्दल धन्यवाद, मनापासून. पण तुम्ही अपवाद आहात हो. ज्यांनी ते पुढे ढकललं त्यातल्या कितींनी शोधलं? आणि चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन यांचं उदाहरण घ्या. नासाच्या ऑर्बिटरचे फोटो सगळ्यांसाठी खुले होते. हा माणूस आधीचे आणि नंतरचे फोटो लावून एक एक ठिपका बघत बसला आणि विक्रमचा अवशेष शोधून काढला, डिसेंबर 2019 मध्ये नासाने नाव घेऊन श्रेय दिलं. बाकी आपण तेव्हा मीम बनवत होतो.

बिनसाखरेचा

म्हणजे ज्याला ठिपके शोधता येत नाहीत त्याने तोंड बंद ठेवायचं का? काय पण न्याय.

मोहिते_बाई

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे माझं मत कारल्यांच्या बाजूने झुकतंय. मुलांना विनोद आवडतात ते ठीक. पण फॉरवर्ड होता होता विनोदाचं आणि खऱ्याचं पीठ एकत्र होतं. चांद्रयान-3 उतरल्यावर चंद्राच्या मातीत अशोकस्तंभाचा ठसा उमटल्याचा फोटो फिरला होता, एका मुलाने वर्गात तो प्रिंट काढून आणला. ते कुणीतरी हौसेने केलेलं चित्र होतं. प्रज्ञान रोव्हरच्या चाकावर चिन्ह कोरलेलं होतं हे खरं, पण तो फोटो चंद्रावरचा नव्हता. आणि दरवर्षी येणारा तो मेसेज, आज रात्री कॉस्मिक किरणं पृथ्वीजवळून जाणार, मोबाईल बंद ठेवा, नासाने सांगितलंय. पालकच पाठवतात मला, वर हात जोडलेले.

बिनसाखरेचा

बाई, तुमचा आदर ठेवून सांगतो, तुम्ही दिलेल्या दोन्ही उदाहरणांत विनोद कुठाय? ठशाचा फोटो लोकांनी भारावून पाठवला. कॉस्मिक किरणांचा मेसेज घाबरून पाठवतात. खोटी बातमी कायम गंभीर चेहरा करून येते, खाली नासाचं नाव लावून. "चंद्रावर एनए प्लॉट" वाचून आजवर कुणी टोकन भरायला गेला नाही. विनोद निदान कपाळावर लिहून येतो की मी विनोद आहे.

घर्षण_गुणांक

+1. जाता जाता, चंद्रावर कुठल्याही देशाला मालकी सांगता येत नाही, 1967 चा बाह्य अवकाश करार आहे. तरी बाहेरच्या देशांत चंद्रावरच्या जमिनीची सर्टिफिकेटं विकणारे आहेत आणि आपले लोक बायकोला वाढदिवसाला देतात. हे मात्र टोकन भरून :D

मोहिते_बाई

घाबरून पाठवतात हे मान्य, पण ज्याला कुठला मेसेज चेष्टेचा आणि कुठला खरा हे कळत नाही त्याच्यापुढे दोन्ही एकाच ग्रुपवर, एकापाठोपाठ येतात. तुम्हाला कपाळ दिसतं, सगळ्यांना दिसत नाही. प्रकाश राज यांचंच बघा, ऑगस्ट 2023 मध्ये लँडिंगच्या तीन दिवस आधी चहा ओतणाऱ्या माणसाचं व्यंगचित्र टाकलं, चांद्रयान-3 च्या विक्रमने पाठवलेला पहिला फोटो म्हणून. ते म्हणाले आर्मस्ट्राँगच्या काळचा मल्याळी चहावाल्याचा जुना जोक आहे. पण लोकांनी तो इस्रोचा अपमान मानला आणि कर्नाटकात पोलीस तक्रारसुद्धा झाली.

संत्रानगरी

चहावाल्याच्या जोकवर तक्रार! घ्या. आता जोक मारायच्या आधी वकील पाहून ठेवा लागते.

टेम्सकाठचा_तात्या

इकडची एक गोष्ट सांगतो. 2016 ला इंग्लंडच्या एका सरकारी संशोधन संस्थेने ध्रुवीय संशोधनाच्या जहाजाचं नाव लोकांना सुचवायला सांगितलं. लोकांनी काय निवडून द्यावं? "बोटी मॅकबोटफेस". सव्वा लाखाच्या आसपास मतं. सरकारची पंचाईत, शेवटी जहाजाला सर डेव्हिड अॅटनबरो यांचं नाव दिलं आणि बोटी मॅकबोटफेस हे नाव त्यावरच्या पिवळ्या स्वयंचलित पाणबुडीला. ती पाणबुडी 2017 ला अंटार्क्टिकाजवळ खोल समुद्रात गेली, तिथलं पाणी कसं मिसळतं आणि गरम होतं याची मोजमापं घेऊन आली, त्यावर 2019 मध्ये पेपर आला. खोल समुद्राच्या तापमानाची बातमी एरवी कोण वाचतं हो? आमच्या शेजारची सहा वर्षांची पोरगी वाचत होती, कारण बोटीने काय केलं ते तिला बघायचं होतं.

कडू_कारलं

तात्या, पण जहाजाला नाव शेवटी अॅटनबरोंचंच दिलं ना. म्हणजे त्यांनाही कळत होतं की कुठेतरी थांबायला हवं.

टेम्सकाठचा_तात्या

अहो थांबले कुठे, पाणबुडीवर लिहिलं की.

उलटी_गणती

मला वाटतं तुम्ही सगळे विनोद एकाच पोत्यात भरताय. काही विनोदात बातमी अख्खी बसते. 1999 ला नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बायटर मंगळावर गेलं आणि हरवलं, कारण एका टीमचे आकडे पाउंडात आणि दुसरीचे न्यूटनमध्ये. त्यावर "टेलरने माप इंचात घेतलं आणि कापड सेंटीमीटरमध्ये कापलं" एवढं म्हटलं की अपघाताचं कारणच सांगून झालं. असा विनोद करायला बातमी वाचावी लागते.

आणि खड्ड्यांच्या विनोदावर एवढा राग का? सप्टेंबर 2019 मध्येच, विक्रम उतरायच्या काही दिवस आधी, बंगळुरूचे चित्रकार बादल नंजुंडस्वामी यांनी एका नटाला अंतराळवीराचा पोशाख घालून खड्ड्यांच्या रस्त्यावरून हळूहळू चालायला लावलं. व्हिडिओत आधी चंद्रच वाटतो, मग बाजूने रिक्षा जाते. त्यानंतर तिथे पालिकेची दुरुस्ती सुरू झाली. इस्रोचं काय वाकडं झालं? टोला पालिकेला होता आणि बसला.

कडू_कारलं

नंजुंडस्वामींनी कष्ट घेतले. पोशाख, नट, कॅमेरा. इथे लोक तीच ओळ दर बातमीखाली चिकटवतात. आणि मुळात चंद्रावरचं विवर म्हणजे खड्डा नव्हे. ते आदळण्याने होतं, आणि तिथे वारा नाही, पाऊस नाही म्हणून कोट्यवधी वर्षं तसंच राहतं.

संत्रानगरी

आमच्या इथला खड्डाही तसाच राहते. पावसाने उलट वाढते. हलके घ्या.

बिनसाखरेचा

हसून हसून पुरेवाट.

देवगडचो_आंबो

एक गोष्ट कुणी बोललं नाही. 2014 ला मंगळयान पोचल्यावर न्यूयॉर्क टाइम्सने व्यंगचित्र काढलं, गाय घेऊन आलेला शेतकरी श्रीमंतांच्या अवकाश क्लबचं दार ठोठावतोय. आपण सगळे खवळलो आणि त्यांनी माफी मागितली. बरोबरच केलं. पण ऑगस्ट 2023 ला रशियाचं लुना-25 चंद्रावर आदळलं तेव्हा आपल्याच ग्रुपांवर काय चाललं होतं आठवा. चार दिवसांनी आपलं उतरायचं होतं तरी धीर नव्हता. जपानचं स्लिम यान नाकावर उभं राहिलं, अमेरिकेचं ओडिसियस आडवं झालं, तेव्हाही तेच. आपल्यावर हसलं की अपमान, दुसऱ्यावर हसलं की विनोदबुद्धी.

कडू_कारलं

हे अगदी बरोबर बोललात.

घर्षण_गुणांक

स्लिमवर हसणारे हेही विसरले की ते ठरवलेल्या जागेपासून 100 मीटरच्या आत उतरलं होतं. डोक्यावर उभं राहून का होईना.

पण कारलेसाहेब, तुम्ही ज्यांच्या वतीने भांडताय त्यांना तरी विचारा. जानेवारी 2025 मध्ये इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेची दोन यानं डॉकिंगसाठी, म्हणजे अवकाशात एकमेकांना जोडायला, जवळ आणत होते, दोनदा पुढे ढकललं, तेव्हा लोकांनी पत्रिका जुळत नाही, मुहूर्त टळला वगैरे सुरू केलं होतं. आणि इस्रोने स्वतः काय लिहिलं? 15 मीटरवरून आम्ही एकमेकांना स्पष्ट दिसतोय, हस्तांदोलनाला 50 फूटच उरलेत. यानांच्या तोंडी! 16 तारखेला डॉकिंग झालं. त्यांनाच मस्करी चालते तर आपण कोण सोवळे?

कडू_कारलं

इस्रोने करावी की मस्करी. त्यांना डॉकिंग येतं.

बिनसाखरेचा

म्हणजे रॉकेट बनवल्याशिवाय हसायचं नाही?

कडू_कारलं

बातमी वाचल्याशिवाय नाही, एवढंच म्हणतोय मघापासून.

मोहिते_बाई

घर्षण, ते 500 मीटरवालं सगळं मी उद्या नववीच्या वर्गात वापरतेय. चलानचं ट्विट आधी दाखवीन, मग विचारीन का पडलं. कारल्यांनो, रागावू नका.

संत्रानगरी

पोरांना हेही सांगा बाई, चलान नागपूरचं होतं.