मोनोत रेकॉर्ड करणं म्हणजे आळस? कोण म्हणतं?

खर्जातला: कालच्या पोस्टमध्ये लिहिलंय की आजच्या काळात मोनोत, म्हणजे एकाच चॅनेलवर, रेकॉर्ड करणारे आळशी. वाचून डोकंच फिरलं. एक गळा, एक माइक, मग ट्रॅक दोन कशाला? दोन्ही चॅनेलला तंतोतंत तेच येतं, फक्त सीडीच्या दर्जाची (४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट) फाइल मिनिटाला ५ एमबीच्या जागी १० होते. आणि मोनोत वाद्यं डावीउजवीकडे सरकवून जागा करता येत नाही, कोण पुढे कोण मागे ते लेव्हल आणि माइकच्या अंतरावरच बसवावं लागतं. हा आळस?

पॅनपॉट: गळ्याचं ठीक. पण पियानो, कोरस, हॉलचा घुमारा एका चॅनेलमध्ये का कोंबायचा? अ‍ॅलन ब्लूमलाइन या इंग्रज इंजिनिअरने स्टिरिओचं (डावं-उजवं वेगळं चॅनेल) पेटंट १९३१ मध्ये दाखल केलंय. माणसाला दोन कान असतात.

डावाकान: सगळ्यांचे दोन्ही चालत नाहीत. मला उजव्याने ऐकू येत नाही. बीटल्सच्या पहिल्या दोन अल्बमच्या स्टिरिओत गळा उजवीकडे, वाद्यं डावीकडे. हेडफोन लावला की माझ्यासाठी गायक गायब.

पॅनपॉट: फोनमध्ये मोनो ऑडिओचं सेटिंग असतं, ते चालू करा, विषय संपला.

डावाकान: संपला?? त्या सेटिंगने डाव्याउजव्याची बेरीज झाली की एक बाजू काही मिलिसेकंद उशिरा सोडून रुंद केलेली गिटार पोकळ वाजते, फेज उलटी (एका बाजूची ध्वनिलहर दुसरीच्या बरोबर उलट) असेल तर नाहीशीच होते. आम्ही रोज हे ऐकतो आणि तुम्ही सल्ले देताय.

एकतारी: फेजचं निघालंच आहे तर जुनी मोनो गाणी ‘स्टिरिओ’ करून विकतात त्याचं काय? बास एका बाजूला, ट्रेबल दुसऱ्या बाजूला, वरून रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा. साठच्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी हेच केलं. वडिलांच्या रेकॉर्डवर ऐकलेलं गाणं अ‍ॅपवर लावलं तर गळा विहिरीतून आल्यासारखा, आणि मूळ मोनो शोधून सापडत नाही. संताप येतो.

डावाकान: अगदी. वर त्याला ‘सुधारित’ म्हणतात.

खर्जातला: त्याचा वेगळा धागा काढा, इथे रेकॉर्डिंगचं चाललंय.

पॅनपॉट: बरं, मिक्स मोनोत तपासलाच पाहिजे, एवढं मानतो. पण रेकॉर्डिंग दोन माइकवरच. नंतर मोनो करता येतं, उलट येत नाही.

खर्जातला: माइक लांब लांब ठेवून बेरीज केली की तोच पोकळपणा. दोन्ही माइकची कॅप्सूल (आवाज पकडणारं टोक) एका जागी आणून, कोन करून, म्हणजे एक्स-वाय पद्धतीने लावा, मग बोला.

पॅनपॉट: एक्स-वायच लावतो मी. न विचारता अडाणी ठरवू नका.

एकतारी: आणि जुन्या गाण्यांचं? त्यावर कोणी बोलणार आहे का?