मदत हवी आहे: क्राफ्टिंग ४६ वरून ६१, कमीत कमी खर्चात

वैतागलेला_कारागीर
नमस्कार मंडळी. क्राफ्टिंग ४६ वर येऊन ठप्प झालंय, ६१ करायचंय. सगळ्यात स्वस्त रस्ता कोणता? माझ्याकडे साधारण तीन लाख आहेत, त्यातले निम्मे तरी शिल्लक राहायला हवेत. यूट्यूबवरचे लोक करोडो उधळतात आणि वर व्हिडिओला "स्वस्त पद्धत" असं नाव देतात. कृपया लिंका देऊ नका, सरळ सांगा. शनिवारच्या आत व्हायला हवं.

स्पष्टवक्ता_सदाशिव
खेळाचं नाव लिहिण्याची पद्धत बंद झाली का? क्राफ्टिंग निम्म्या खेळांत असतं. आणि तीन लाख काय, रुपये?

पाटलाचा_वाडा
तीन लाख रुपये असते तर हितं कशाला आला असता ह्यो? खेळातली नाणी असणार. रूनस्केप हा ऑनलाइन खेळच असणार भावा. पण जुनं (ओल्ड स्कूल) का नवं (रूनस्केप ३) ते सांग. नव्यात असशील तर प्रोटियन हाइड्स (क्राफ्टिंग वाढवायची खास कातडी) साठवलेली असतील ती वापर, झटक्यात होतंय.

वैतागलेला_कारागीर
रूनस्केपच, दुसरं कुठलं. ओल्ड स्कूल. प्रोटियन-बिटियन आमच्याकडे नसतं.

वऱ्हाडी_ठेचा
बॅटलस्टाफ (जादूची काठी) कर ना भाऊ, दुसरं काही पाहूच नको. व्हॅरॉक शहरातल्या झॅफ दुकानदाराकडून ७,००० ला काठी घ्यायची, ऑर्ब (जादूचा गोळा) लावायचा, हाय आल्क (वस्तूची नाणी करायचा मंत्र) मारला की ९,३०० हातात. एअर बॅटलस्टाफला १३७.५ एक्सपी (अनुभवाचे गुण). कौशल्य पण वाढते अन् पैसा पण जात नाही. मी असंच केलं, एक रुपया गेला नाही.

स्पष्टवक्ता_सदाशिव
ठेचाभाऊ, प्रश्न वाचलात का? त्याची लेव्हल ४६ आहे. पाण्याची काठी ५४ ला, मातीची ५८ ला, आगीची ६२ ला आणि तुमची ती हवेची ६६ ला. त्याला ६१ पर्यंतच जायचंय. झॅफ रोज किती काठ्या देतो ते व्हॅरॉकच्या डायरीवर (तिथल्या कामांच्या यादीवर) ठरतं: सोपी डायरी झाली असेल तर १५, मधली ३०, अवघड ६०, एलिट १२०. तीन लाखांत ७,००० प्रमाणे ४२ काठ्या येतात. ऑर्ब आणि आल्कला लागणारे नेचर रून कोण, तुम्ही देणार?

वऱ्हाडी_ठेचा
मी पुढचा विचार करून सांगितलं. पुण्याच्या लोकायले काही पटतच नाही.

श्रीरंग_म्यूनिक
हिशोबाची साधी रीत सांगतो. कच्च्या मालाची किंमत घ्या, तयार वस्तू विकून किंवा आल्क करून येणारे पैसे त्यातून वजा करा, उरलेल्याला एक्सपीने भागा. एका एक्सपीला किती नाणी पडली तेवढंच बघायचं. नीलम कापायला लेव्हल २०, ५० एक्सपी. पाचू २७, ६७.५. माणिक ३४, ८५. हिरा ४३, १०७.५. लेव्हल ४६ ला ६७,९८३ एक्सपी असतात आणि ६१ ला ३,०२,२८८, म्हणजे अजून २,३४,३०५ हवेत. हिऱ्यांनी गेलात तर साधारण २,१८० हिरे, नीलमांनी गेलात तर ४,६८६. जीईवर (ग्रँड एक्स्चेंज, खेळाडूंचा बाजार) कच्चे घ्यायचे, कापलेले विकायचे. विकताना कर कापला जातो तो धरायला विसरू नका, बरेच जण तिथेच फसतात. भाव रोज हलतात म्हणून आकडा देत नाही. पण बहुतेक वेळा नीलम-पाचूत एक्सपीमागे तोटा कमी असतो आणि हिऱ्यात वेळ वाचतो.

पाटलाचा_वाडा
दगडं कापत बसण्यापेक्षा ड्रॅगनची कातडी लई भारी. ५७ ला हिरवे व्हॅम्ब्रेस (हाताचं चिलखत), ६० ला चॅप्स (पायांचं). एका कातड्याला ६२ एक्सपी. बॉडी ६३ ला, तीन कातडी आणि १८६. अल खरीद शहरात कमावून घ्यायला कातडं २० नाणी. कॅनिफिसला जाऊ नका, तिथला लुटतोय.

श्रीरंग_म्यूनिक
५७ च्या आधी काय शिवायचं मग? अकरा लेव्हल कशाने काढणार?

पाटलाचा_वाडा
आधीचं तुमची दगडं. मी कुठं नको म्हणलो?

जुना_खेळाडू
माफ करा, मध्येच विचारतो. २००७ च्या सुमारास डोंबिवलीत नेट कॅफेत आम्ही हा खेळ ब्राउझरमध्ये खेळायचो. जावा लोड होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. माझं लॉब्स्टर पकडणारं पात्र अजून असेल का? पासवर्ड आठवतोय.

निळी_शाई
काका, ते पात्र ओल्ड स्कूलमध्ये नाही मिळणार. ओल्ड स्कूल २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झालं. खेळाची प्रत ऑगस्ट २००७ ची होती, पण सगळ्यांनी शून्यापासून सुरुवात केली. तुमचं खातं टिकलं असेल तर पात्र रूनस्केप ३ मध्ये दिसेल. २०१८ पासून ओल्ड स्कूल फोनवरही आहे, नव्याने सुरू करायचं तर तेच सोपं.

धागाकर्ते, मेंबर आहात की फुकट खेळताय? वर अर्ध्या गोष्टी फुकटवाल्यांना करताच येत नाहीत.

वैतागलेला_कारागीर
मेंबरच. आणि हे जीई जीई काय लावलंय सगळ्यांनी? मला जीई नाही वापरता येत. आयर्नमॅन आहे मी, दुसऱ्या खेळाडूंशी व्यवहार बंद.

स्पष्टवक्ता_सदाशिव
वा. म्हणजे श्रीरंगरावांचे २,१८० हिरे पाण्यात.

श्रीरंग_म्यूनिक
हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं हो. जेवण सोडून गणित करत बसलो.

वैतागलेला_कारागीर
तीन लाख म्हटल्यावर कळायला हवं होतं. साध्या खात्यावर ४६ लेव्हलला कोणाकडे तीनच लाख असतात?

वऱ्हाडी_ठेचा
माझ्याकडं होते.

निळी_शाई
शिरस्त्राण कुठल्या रंगाचं आहे (त्यावरून आयर्नमॅनचा प्रकार कळतो)? राखाडी, लाल की पांढरं? पांढरं असेल तर बँकही नाही, मग उत्तर पूर्ण वेगळं. आणि ६१ कशासाठी हवंय?

वैतागलेला_कारागीर
राखाडी, साधा आयर्नमॅन. ६१ लूनर डिप्लोमसी या क्वेस्टसाठी (मोहिमेसाठी). बाकी सगळं तयार आहे, मॅजिक ६५ आहे, फक्त हे क्राफ्टिंग अडलंय.

मी_पण_आलो
लूनर मंत्र मिळाले की सुपरग्लास मेक वापर ना. ३ मोठी सीवीड (समुद्री शेवाळ) आणि १८ बादल्या वाळू, एका मंत्रात सगळी काच तयार, वर थोडी जास्तीची मिळते. आयर्नमॅनसाठी याच्यासारखं काही नाही.

स्पष्टवक्ता_सदाशिव
लूनर मंत्र मिळण्यासाठीच त्याला ६१ हवंय. शिवाय त्या मंत्राला मॅजिक ७७ लागतं. चावी पेटीत आणि पेटीला कुलूप.

निळी_शाई
मंत्र नसला तरी उत्तर काचच आहे. मी माझ्या आयर्नवर हेच केलं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

कुठल्याही बंदरावर चार्टर जहाजाचे ट्रेडर क्रूमेंबर उभे असतात. त्यांच्या दुकानात वाळूच्या बादल्या, सोडा अॅश, काच फुंकायची नळी, सगळं मिळतं. साठा वाळू १०, सोडा अॅश १०. विकत घ्या, वर्ल्ड (सर्व्हर) बदला, पुन्हा १० आणि १०. किंमत चिल्लर आहे, तुमच्या तीन लाखांना फारसा धक्काही लागणार नाही. रूनलाइट या क्लायंटमध्ये वर्ल्ड बदलायला वर्ल्ड हॉपर आहे. पीव्हीपीची (खेळाडू एकमेकांना मारतात ती) वर्ल्ड आणि टोटल लेव्हल मागणारी वर्ल्ड वगळा, नाहीतर वाळूच्या नादात कोणीतरी कापून जाईल.

पोर्ट फॅस्मॅटिसला जहाज, बँक आणि भट्टी जवळजवळ आहेत, म्हणून मला ते आवडतं. आधी नुसता माल बँकेत भरत जा. मग १४ वाळू, १४ अॅश असं घेऊन भट्टीवर. काच वितळवायला प्रत्येकी २० एक्सपी. मग ती फुंकायची: ४६ ला अनपॉवर्ड ऑर्ब ५२.५, ४९ ला लँटर्न लेन्स ५५. दोन्ही मिळून एका काचेला ७२.५ किंवा ७५. श्रीरंग यांचाच २,३४,३०५ चा आकडा धरला तर ४९ पर्यंत साधारण ३२८ ऑर्ब आणि नंतर २,८०८ लेन्स. म्हणजे ३,१३६ काचा, ३१४ वेळा वर्ल्ड बदलणं. ऐकायला भयंकर वाटतं, पण फोनवर मालिका बघत होऊन जातं. फुंकायला एका काचेला १.८ सेकंद लागतात, खरा वेळ खरेदीतच जातो.

४९ झालं की लगेच द हँड इन द सँड क्वेस्ट करा, ते ४९ क्राफ्टिंगच मागतं. त्यात ९,००० क्राफ्टिंग एक्सपी मिळतात, म्हणजे १२० काचा वाचल्या. आणि नंतर यानिल गावातला बर्ट रोज ८४ बादल्या वाळू बँकेत पाठवतो. रोज जाऊन त्याला सांगावं लागतं, आर्डोन्यची एलिट डायरी झाली की तेही नाही.

वैतागलेला_कारागीर
ताई, हे बरोबर वाटतंय. पण ८४ रोज म्हणजे शनिवारपर्यंत काय होणार?

निळी_शाई
शनिवारी काय आहे?

वैतागलेला_कारागीर
मेंबरशिपचा बॉन्ड संपतोय. १४ दिवसांचा.

स्पष्टवक्ता_सदाशिव
अजून काही राहिलंय का सांगायचं? लग्न झालंय का, रक्तगट कुठला?

पाटलाचा_वाडा
बॉन्ड सोन्यानं घेऊन टाक की मग जीईवरनं.

श्रीरंग_म्यूनिक
आयर्नमॅनला जीईवर बॉन्ड तेवढा घेता येतो, हे खरं. पण तीन लाखांत बॉन्डचं टोकही येत नाही.

मी_पण_आलो
ऑटो-क्लिकर लावून झोपून जा. सकाळी ६१.

निळी_शाई
सकाळी ६१ नाही, बंदी. खेळाची कंपनी जॅगेक्स या बाबतीत ऐकून घेत नाही. असले सल्ले नको.

शनिवार गाठायचा तर बर्टवर विसंबू नका, चार्टरवरच जा. बर्टची वाळू मिळाली तेवढी वरकड. मेंबरशिप पुन्हा घ्याल तेव्हा फॉसिल आयलंडच्या पाण्याखाली सीवीडची शेती सुरू करा. बोन व्हॉयेज क्वेस्ट आणि फार्मिंग २३ पुरतं. एका मोठ्या सीवीडचे ६ सोडा अॅश होतात, म्हणजे अॅशसाठी हॉपिंग बंद.

फ्लॅक्सवाली_बाई
इतकी धावपळ कशाला? सीअर्स गावाच्या शेतातून फ्लॅक्स (जवसाचं झाड) तोडायचा, चरख्यावर सूत कातायचं. एक नाणंही खर्च नाही. धनुष्याच्या दोऱ्या तयार होतात त्या फ्लेचिंगला.

स्पष्टवक्ता_सदाशिव
एका फ्लॅक्सला १५ एक्सपी. साडेपंधरा हजारांच्या वर फ्लॅक्स. शनिवार कुठला धरायचा, या वर्षीचा?

फ्लॅक्सवाली_बाई
त्यांनी "सगळ्यात स्वस्त" विचारलं होतं. शनिवार नंतर आला.

श्रीरंग_म्यूनिक
हे मात्र बरोबर बोलल्या.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, एक सांगतो. लेन्स कायले करायला लावता? लेन्सचा उपयोग काय? ऑर्बच करत राहायचं ६१ पर्यंत. फरक अडीच एक्सपीचा. पुढं चार्ज ऑर्बचा मंत्र शिकला की तेच ऑर्ब बॅटलस्टाफला लागतात. आयर्नमॅनला बाजारातून कोण देणार?

निळी_शाई
मुद्दा चांगला आहे. पूर्ण ऑर्बने गेलं तर ३,२३२ काचा लागतात, म्हणजे शंभरेक जास्त. माझा विरोध एवढाच की शनिवार डोक्यावर आहे, आणि हजारो ऑर्ब चार्ज करायला मॅजिक ६६ आणि रानातल्या (वाइल्डरनेसमधल्या) एअर ओबेलिस्कपर्यंतच्या शंभर चकरा आहेत. पाण्याचा ऑर्ब मॅजिक ५६ ला होतो, पण त्या काठीला एक्सपी १००च.

वऱ्हाडी_ठेचा
चकरा तर माराच लागते. फुकटात ९,३०० कोणी देते का?

स्पष्टवक्ता_सदाशिव
फुकटात? काठी झॅफकडून ७,००० ला घ्यायची आहे हे तुम्हीच वर लिहिलंय.

जुना_खेळाडू
फोनवर उतरवून घेतला. लंब्रिजला गाई मारतोय. चामडं कमवायला अल खरीदच ना?

निळी_शाई
हो काका. साधं चामडं १ नाणं, जाड ३. फाटकावर १० नाणी टोल घेतात, जवळ ठेवा.

पाटलाचा_वाडा
काका, लॉब्स्टर पकडायची जागा करामजा बेटावर. अजून तिथंच.

वैतागलेला_कारागीर
काल रात्री बसलो. माल बँकेत भरतोय, ४८ झालंय. पैसे खरंच हलले नाहीत फार. एकच अडचण, काच वितळवल्यावर बादल्या उरतात, सगळी पिशवी त्यांनीच भरते.

निळी_शाई
त्या टाकून द्या. थोड्या बँकेत ठेवा हवं तर, यानिलच्या वाळूच्या खड्ड्यावर भरायला होतील. आणि ४९ झाल्याबरोबर बर्टकडे जाण्याआधी थीविंग (चोरीचं कौशल्य) १७ आहे का बघून घ्या, तेही लागतं.

वैतागलेला_कारागीर
थीविंग ११ आहे.

वऱ्हाडी_ठेचा
केकची चोरी कर भाऊ आर्डोन्यात. खायले पण होते.

स्पष्टवक्ता_सदाशिव
हा सल्ला बरोबर आहे. नोंद घ्यावी.