शंकूच्या टाकीचं गणित, उत्तर जुळत नाहीये

बारावी_सायन्स:
ॲप्लिकेशन ऑफ डेरिव्हेटिव्हज चालू आहे. नुसतं डिफरन्शिएट करा म्हटलं की होतं, पण शाब्दिक गणित आलं की सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही. हे बघा, शंकूच्या आकाराची टाकी, टोक खाली, उंची १० मीटर, वरच्या तोंडाची त्रिज्या ५ मीटर, पाणी मिनिटाला २ घनमीटर येतंय, तर पाण्याची खोली ४ मीटर असताना पातळी किती वेगाने वाढते? मी घनफळाचं सूत्र घेतलं, १/३ पाय आर वर्ग एच, आरच्या जागी ५ टाकले आणि डिफरन्शिएट केलं, आलं ६/(२५ पाय). पुस्तकात १/(२ पाय) आहे. आणि तो ४ तर माझ्या गणितात कुठे लागलाच नाही. कोणीतरी नीट सांगा प्लीज, परवा टेस्ट आहे.

गणित_शिकवतो:
४ लागला नाही हे तुला खटकलं ना, ते अगदी बरोबर खटकलं. ५ ही टाकीच्या तोंडाची त्रिज्या, पाण्याची नाही. नरसाळ्यात पाणी ओतलं की पृष्ठभाग रुंद होत जातो, म्हणजे आरसुद्धा वेळेबरोबर बदलतोय, आणि तू ५ टाकून त्याला गोठवलंस, म्हणजे टाकी शंकूची राहिलीच नाही, सगळीकडे सारखाच रुंद पृष्ठभाग धरल्यासारखं झालं. आता आकृती काढ, उभा छेद घे, दहावीचे समरूप त्रिकोण दिसतील: आर/एच = ५/१०, म्हणजे आर = एच/२. हे प्रत्येक क्षणाला खरं आहे म्हणून सूत्रात घालता येतं. घनफळ झालं पाय एच घन/१२. आता डिफरन्शिएट कर, डीव्ही/डीटी (घनफळ बदलण्याचा वेग) = (पाय एच वर्ग/४) × डीएच/डीटी (पातळी बदलण्याचा वेग). आणि आत्ता ४ टाक, त्याआधी नाही. २ = ४ पाय × डीएच/डीटी, झालं १/(२ पाय), मिनिटाला साधारण १६ सेंटीमीटर.
शिडीच्या गणितातही हेच. ५ मीटरची शिडी, पाया भिंतीपासून ४ मीटरवर आणि सेकंदाला २ सेंटीमीटरने सरकतोय, वरचं टोक किती वेगाने खाली येतं? शिडीची लांबी बदलत नाही म्हणून ५ आधी टाकला तरी चालतो, पण ४ आधी टाकलास तर त्याचं डेरिव्हेटिव्ह शून्य, संपलं. पायाचं भिंतीपासूनचं अंतर एक्स, टोकाची उंची वाय, एक्स वर्ग + वाय वर्ग = २५ आधी डिफरन्शिएट कर, मग एक्स ४, वाय ३ टाक, टोक सेकंदाला ८/३ सेंटीमीटरने खाली येतं. मी मुलांना वाचतानाच दोन रकाने करायला लावतो, काय कायम आहे आणि काय फक्त त्या क्षणापुरतं आहे, "असताना", "तेव्हा" हे शब्द आले की तो आकडा दुसऱ्या रकान्यात.

इंजिनिअरिंगवाली:
सरांनी सांगितलंय तसंच पेपरात लिही, स्टेप्सचे मार्क असतात. पण उत्तर तपासायला एक सोपं आहे, त्या क्षणी पाण्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ काढ आणि येणाऱ्या पाण्याला त्याने भाग. ४ मीटर खोलीला त्रिज्या २, क्षेत्रफळ ४ पाय, २ भागिले ४ पाय, तेच आलं. घनफळाचं खोलीच्या संदर्भातलं डेरिव्हेटिव्ह म्हणजे पृष्ठभागाचं क्षेत्रफळच असतं ना, म्हणून हे कुठल्याही आकाराच्या टाकीला चालतं. शिडी, सावली वगैरेला अर्थातच नाही.

बारावी_सायन्स:
ओके आता कळलं!! मी खोली ८ धरून करून बघितलं तर १/(८ पाय) येतंय, म्हणजे खोली दुप्पट आणि वेग एकदम पाव, बरोबर आहे का? आणि टाकी गळत असेल तर काय करायचं?

गणित_शिकवतो:
बरोबर, त्रिज्या दुप्पट म्हणजे पृष्ठभाग चौपट, मिनिटाला जेमतेम ४ सेंटीमीटर चढणार. गळत असेल तर येणाऱ्या पाण्यातून जाणारं वजा कर, जे उरेल ते डीव्ही/डीटी, नुसतीच गळत असेल तर ऋण घे. बाकी सगळं जसंच्या तसं.