जोडलेली इंजिनं सुटी केली, आता एक हलत नाही. इंजिनातला डिकोडर (आदेश घेऊन मोटर-दिवे चालवणारी चिप) रीसेट करू का?

कोळसेवाला:
नमस्कार मंडळी. मॉडेल रेल्वेचा एचओ मापाचा लेआउट, डीसीसीवर (रुळांतून डिजिटल आदेश पाठवून, प्रत्येक इंजिन त्याच्या पत्त्याच्या नंबरावर चालवायची पद्धत). मालगाडी लांबली म्हणून दोन डिझेल इंजिनं पाठीला पाठ लावून कन्सिस्टमध्ये (म्हणजे जोडी करून एकाच पत्त्यावर) चालवली आणि नंतर सुटी केली. पुढचं व्यवस्थित चालतंय. मागचं मात्र स्वतःच्या पत्त्यावर जागचं हलायला तयार नाही. गंमत अशी की हॉर्न वाजतो, दिवे लागतात, फक्त चाकं फिरत नाहीत. सीव्ही 8 मध्ये (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली नंबर दिलेली सेटिंग) 8 लिहिलं की डिकोडर कोरा होतो असं सगळेच सांगतात. करून टाकू? शिवाय कमांड स्टेशनही (रुळांत वीज आणि आदेश सोडणारी पेटी) अधूनमधून बंद पडतं, त्याचाही फॅक्टरी रीसेट उरकून घ्यावा म्हणतो.

सांधेवाला:
थांबा, 8 लिहू नका! हॉर्न वाजतोय म्हणजे डिकोडर जिवंत आहे, पत्ताही बरोबर आहे. आधी सीव्ही 19 बघा, कन्सिस्टचा पत्ता तिथे असतो. तिथे 0 सोडून काही असेल तर डिकोडर वेग आणि दिशा फक्त कन्सिस्टच्या पत्त्यावरून घेतो, स्वतःच्या पत्त्यावरून नाही. हॉर्न आणि दिवे मात्र स्वतःच्या पत्त्यावर चालू राहतात. तुमचं लक्षण तंतोतंत हेच आहे. कन्सिस्ट मोडताना हे इंजिन रुळावरून उचललेलं असेल किंवा चाकं मळकी असतील, तर 0 लिहायचा आदेश त्याच्यापर्यंत पोचलाच नसणार.

सीव्ही 19 = 0 लिहा, झालं काम. मेन लाइनवरूनही, म्हणजे लेआउटच्या नेहमीच्या रुळांवरूनही, लिहिता येतं.

कोळसेवाला:
प्रोग्रामिंग ट्रॅकवर (सीव्ही वाचण्या-लिहिण्यासाठीचा वेगळा रूळ) वाचलं. 140 आलं. कन्सिस्टचा नंबर तर 12 दिला होता, मग हे 140 कुठून?

सांधेवाला:
12 + 128. कन्सिस्टमध्ये इंजिन उलट्या तोंडाचं असेल तर पत्त्यात 128 मिळवतात. पाठीला पाठ लावली होती ना, म्हणून.

वाफेची_शिट्टी:
बाकीच्यांसाठी एक पुरवणी. काही सिस्टीम कन्सिस्टची नोंद डिकोडरमध्ये न ठेवता कमांड स्टेशनमध्येच ठेवतात. तिथे सीव्ही 19 आधीच 0 दिसेल आणि तरी इंजिन हलणार नाही. मग थ्रॉटलवरूनच (हातातला कंट्रोलर) कन्सिस्ट मोडावा लागतो, डिकोडर कितीही रीसेट केला तरी फरक पडत नाही.

आणि सीव्ही वाचताना नीट बघा, इंजिन किंचित थरथरतं. तेच डिकोडरचं उत्तर असतं. तो मोटरला जेमतेम 6 मिलीसेकंद, किमान 60 मिलिअँपियर करंट देतो आणि कमांड स्टेशन तो धक्का ओळखतं. थरथर नसेल तर आधी चाकं पुसा. कीप-अलाइव्ह कपॅसिटर (क्षणभर वीज तुटली तरी इंजिन चालू ठेवणारा) लावलेली इंजिनं वाचताना हमखास त्रास देतात, त्यांचा डिकोडर बिघडला असं लगेच समजू नका.

जुनाडबा:
सांधेवाले, तुम्ही रीसेटला फारच घाबरवताय बुवा. सेकंडहँड इंजिन आलं की मी आधी रीसेटच करतो. आधीच्या मालकाने काय काय घालून ठेवलंय ते शोधत कोण बसणार?

सांधेवाला:
सेकंडहँडला मान्य. पण इथे एका सीव्हीसाठी स्पीड टेबल, हॉर्नचा आवाज, दिव्यांची मांडणी सगळं घालवायचं कशाला? करायचंच असेल तर आधी जेएमआरआयच्या डिकोडरप्रो या संगणक-प्रोग्रॅममध्ये सगळे सीव्ही वाचून साठवा, ते फुकट आहे. मग ते एकच इंजिन प्रोग्रामिंग ट्रॅकवर ठेवा. दुसरं तिथे राहिलं तर त्याच्यावरही तेच लिहिलं जाणार, कारण या ट्रॅकवर पत्ता कोणी विचारतच नाही. 8 लिहून वीज बंद-चालू केली की पत्ता 3 होतो. सगळ्या डिकोडरना सीव्ही 8 चालतो असंही नाही. काहींना सीव्ही 30 मध्ये 2 लागतो, तेव्हा माहितीपत्रक बघूनच. लिहिलेलं मुळी टिकतच नसेल तर सीव्ही 15 आणि 16 बघा. ते दोन जुळत नसतील तर डिकोडरला कुलूप आहे.

रीसेटनंतर सीव्ही 29 मात्र विसरू नका. बहुतेकदा 6 असतो, म्हणजे साध्या डीसीवरही (डिजिटल आदेशांशिवायच्या विजेवर) धावायची परवानगी. लेआउट फक्त डीसीसी असेल तर 2 करा, लांब पत्ता असेल तर 34. नाहीतर सिग्नल गडबडला की इंजिन कधीकधी सुसाट सुटतं.

वाफेची_शिट्टी:
कमांड स्टेशनच्या रीसेटबद्दल कोणी बोललंच नाही. मुळीच करू नका. मधूनच बंद पडतं म्हणजे बहुधा शॉर्ट होतोय आणि ते स्वतःला वाचवतंय. रीसेटने सेटिंग्ज जातील, शॉर्ट तिथेच राहील. कुठल्या जागी गाडी असताना बंद पडतं ते बघा. सांध्यावर असेल तर सांधा उलटा लागलेला असतो, नाहीतर धातूचं चाक फ्रॉगपाशी (सांध्यात रूळ एकमेकांना छेदतात ती जागा) दोन रुळांना एकदम टेकतं. फक्त रिव्हर्स लूपमध्ये (गाडी उलट्या तोंडाने परत आणणारा वळसा) शिरताना होत असेल तर तिथे ऑटो रिव्हर्सर हवा, म्हणजे रुळांची ध्रुवता आपोआप उलटवणारं यंत्र.

नाण्याची चाचणीही करून टाका. लेआउटच्या प्रत्येक टोकाला नाणं दोन्ही रुळांवर आडवं टेकवा, स्टेशन लगेच बंद पडायला हवं. एखाद्या ठिकाणी बंद पडलंच नाही तर तिथली वायर बारीक किंवा जोड सैल आहे, आणि ती जागा जास्त धोक्याची. घसरलेला डबा तिथे शॉर्ट करत बसेल, स्टेशनला पत्ताच लागणार नाही आणि चाकं, बोगी वितळतील.

कोळसेवाला:
सीव्ही 19 मध्ये 0 लिहिलं, इंजिन चालायला लागलं. स्टेशन बंद पडतं ते यार्डाच्या तोंडाशी असलेल्या तिहेरी सांध्यावर. फ्रॉगला लागताच जातं. तिथे चाकाच्या रुंदीचा दोष की फ्रॉगच्या वायरिंगचा, हे कसं ओळखायचं?

वाफेची_शिट्टी:
एकच डबा हाताने ढकलत न्या, इंजिन नको. डब्यानेही बंद पडलं तर फ्रॉगपाशी रुळाच्या वरच्या कडेला थोडं नेलपॉलिश लावून परत ढकला. आता बंद पडलं नाही तर चाकच टेकत होतं. तरीही पडलं तर वायरिंग उघडा.